बांधालगतचे नऊ फूट

मौजे करंजवाडी, तालुका अंबड, जिल्हा जालना.
लिहायला बसले तो दिवस : रविवार, ८ फेब्रुवारी २०२६. हवा सकाळपासून ढगाळ.

मी, सोनूबाई साहेबराव तारख, वय वर्षे एकाहत्तर, धंदा शेती, शिक्षण सातवी पास, असे लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे कामातून गेलेत, कान कमी झालेत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. हे कागद मी राजीखुशीने, कोणाच्या दडपणाशिवाय लिहिते आहे. माझ्यावर दडपण आणील असा माणूस अजून जन्मायचाय, असं आमचे मालक म्हणायचे, आणि ते माझ्यासोबत पस्तीस वर्षं राहिले होते. यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. अंबडच्या वकिलांनी छापील नमुना दिला होता, पण त्यात मला सांगायचं ते मावेना, म्हणून लेक तृप्तीच्या जुन्या वहीचे कोरे कागद घेतले. अक्षर माझं आहे. चुका झाल्या असतील तर त्याही माझ्याच.

कलम १. घर. गावठाणातलं चार खोल्यांचं पत्र्याचं घर, अंगण आणि न्हाणी यांसह, मुलगा कल्याण आणि सून मनीषा या दोघांच्या नावे, बराबर अर्धं अर्धं. कल्याण म्हणेल, घर तर एकच आहे, दोन नावं कशाला. एकच आहे म्हणूनच. मनीषानं सतरा वर्षांत मला एकदाही उलट उत्तर दिलं नाही, आणि वागली मात्र कायम स्वतःच्या मनानं. ही कला मला जन्मात साधली नाही, म्हणून तिचं कौतुक वाटतं.

कलम २. बँकेतली ठेव, माझी एकदाणी आणि पाटल्या मुलगी तृप्ती हिला. रक्कम पासबुकात आहे, इथं लिहून नजर कशाला लावायची. तृप्तीनं त्यातून जावयाला गाडी घेऊन देऊ नये.

कलम ३. अवजारं. बी पाखडायचं सूप आणि तिन्ही चाळण्या मनीषाला, कारण तिचा हात माझ्याहून हलका आहे. फवारणीचा पंप कल्याणला, पण एका अटीवर. पीक फुलात असताना फवारायची वेळ आलीच तर दिवस मावळताना फवारावं, माश्या आपल्या घरी गेल्यावर, आणि आदल्या दिवशी शेजारच्या रानात सांगून. ही अट माझ्या डोक्यातून निघालेली नाही. ती ज्या बाईकडून उचलली तिचं नाव कलम ५ मध्ये येईल.

लोखंडी पहार. ती सात वर्षांपासून गल्लीतल्या भुजंगकडं आहे. तो म्हणतो ती त्याचीच. तिच्यावर "साहेबराव" अशी अक्षरं पाडलेली आहेत आणि भुजंगच्या सात पिढ्यांत साहेबराव नावाचं कोणी झालं नाही. तरी ती मी त्याला देऊन टाकते. मात्र घेण्याआधी त्यानं हे कलम चार माणसांत मोठ्यानं वाचावं.

कलम ४. जमीन. गट क्रमांक ११२ मधलं माझं दोन एकर पस्तीस गुंठे रान आणि विहिरीतला अर्धा हिस्सा. हे रान मालकांनी हयातीतच माझ्या नावे केलं, आणि त्यावरून भावकीत बरीच तोंडं वाकडी झाली होती. ते सर्व मी कल्याणला देते. त्यानं पुण्याची नोकरी सोडून माती धरली, आणि चांगली धरली. आमच्याकडं दरवर्षी अर्ध्या रानात कंपनीसाठी कांद्याचं बी धरतात, तो सीड प्लॉट त्यानं बंद करू नये.

यातून पूर्वेच्या बांधाला लागून असलेली, विहिरीपासून ओढ्यापर्यंतची नऊ फूट रुंदीची पट्टी मात्र वगळली आहे. खरं सांगायचं तर मी हे सगळं त्या नऊ फुटांसाठीच लिहायला बसले.

कलम ५. बांधालगतची पट्टी.

बांधाच्या पलीकडं माझी थोरली जाऊ, गोपिकाबाई राधाकिसन तारख, हिचं रान आहे. सासऱ्यांनी दोघा भावांची वाटणी केली तेव्हापासून मधे बांध आहे. बांधाच्या अलीकडच्या नऊ फुटांत गोपिकाबाई गेली बारा वर्षं फुलं लावते. सगळं गाव समजतं की खरी हद्द बांधाच्या अलीकडं आहे आणि ती जागा तिची. कल्याणही तेच समजतो. ती जागा तिची नाही, माझी आहे. सरकारी मोजणीचा नकाशा माझ्या ट्रंकेत, लग्नातल्या शालूच्या घडीत ठेवला आहे. हे फक्त मला आणि आमच्या वस्तीवरच्या मच्छिंद्रला ठाऊक आहे.

गेल्या दिवाळीत कल्याण जेवताना बोलून गेला की ती पट्टी आपली असती तर उद्याच्या उद्या ट्रॅक्टरची वाट काढली असती, पावसाळ्यात चिखलातून फिरून यावं लागतं. त्याचं चूक नाही, त्याला वाट हवीच आहे. पण मी डोळे मिटले की ट्रंक उघडणार, ट्रंकेतून नकाशा निघणार, आणि दुसऱ्या दिवशी त्या फुलांवरून नांगर फिरणार. ते होऊ नये म्हणून मला आधी सगळं खरं लिहावं लागेल, त्यात माझी शोभा झाली तरी.

कांद्याचं बी कसं धरतं हे शहरातल्या माणसाला ठाऊक नसतं. दिवाळीनंतर मोठे कांदे जमिनीत लावायचे, माघात त्यांना कंबरेएवढे दांडे येतात आणि दांड्याच्या टोकाला पांढरा गोंडा. त्यालाच डोंगळा म्हणतात. एका गोंड्यात शेकडो बारीक फुलं असतात, आणि माशी एका फुलावरून दुसऱ्यावर गेली तरच त्यात बी भरतं. माशी आली नाही तर गोंडा वरून टपोरा दिसतो आणि आत पोकळ निघतो. माणसाच्या हातानं होणारं हे काम नाही.

मालक गेले त्या वर्षी कल्याण अजून पुण्यात होता, मी एकटीनं पहिल्यांदा प्लॉट धरला. खत, पाणी, खुरपणी, कशात कसूर केली नाही. माश्याच येईनात. दुकानदार म्हणाला, गुळाचं पाणी फवारा, माश्या धावत येतील. मी अख्खी भेली पाण्यात घातली. माश्या आल्या नाहीत, मुंग्या आल्या, त्याही मोठ्या काळ्या. डोंगळ्यांवर डोंगळे चढले म्हणून गाव महिनाभर हसलं. त्या साली बी भरलंच नाही.

पुढच्या वर्षी गोपिकाबाईनं बांधालगत धने टाकले. मी काही बोलले नाही, कोथिंबीर आहे, खाईल म्हटलं. त्या साली फेब्रुवारीच्या गारपिटीनं सगळंच आडवं केलं, त्यामुळं माश्या आल्या की नाही हे बघायला काही उरलंच नाही. त्याच्या पुढच्या वर्षी मात्र तिनं तिथं शेवग्याच्या फांद्या रोवल्या. आमच्याकडं झाड लावलं म्हणजे जागा घेतली. माझं डोकं फिरलं. नवरा गेलेल्या बाईचा बांध कोरायला लागली, असं मी चार बायकांदेखत तिला म्हणाले. याहूनही वाईट म्हणाले, ते इथं लिहिणार नाही. गोपिकाबाई मातीचे हात झटकत उभी राहिली आणि दोनच शब्द बोलली.

"मोज मंग."

त्या दोन शब्दांनंतर आम्ही अकरा वर्षं एकमेकींशी बोललो नाही.

मी खरंच मोजणीचा अर्ज दिला. मोजणीच्या दिवशी नोटीस मिळूनही ती आली नाही. मच्छिंद्रनं फीत धरली होती. नकाशा हातात आला तेव्हा त्यात फुलांची सगळी पट्टी माझ्या हद्दीत होती. मला काय आनंद झाला! एवढा आनंद माणसाला दुसऱ्याचं वाईट करायची संधी मिळाल्यावरच होतो, हे आता कळतं. मी भुजंगला सांगून ठेवलं की सोमवारी ट्रॅक्टर घेऊन ये.

त्याच आठवड्यात आभाळ भरून आलं. गोंडे ऐन फुलात आणि नऊ दिवस ढग. त्या साली मी मधमाश्यांच्या पेट्याही भाड्यानं आणल्या होत्या. ढगाळ हवेत त्या माश्या पेटीच्या तोंडाशी यायच्या, बघायच्या आणि पुन्हा आत जायच्या. कंपनीचा राधेश्याम रोज मोटरसायकलवर यायचा, गोंडा चोळून बघायचा आणि तसाच परत जायचा. पाचव्या दिवशी दुपारी तासभर ऊन पडलं. पेट्यांतल्या माश्या अजून विचारच करत होत्या, तेवढ्यात माझ्या गोंड्यांवर गुणगुण सुरू झाली. मला वाटलं कान वाजतात. बघते तर बारीक गावरान माश्या बांधाकडून येत होत्या, एकीच्या मागं एक.

मी बांधाकडं गेले आणि पहिल्यांदा ती पट्टी नीट बघितली.

आता मी जे लिहिते ते कल्याण आणि मनीषा यांनी नीट वाचावं. गोपिकाबाईएवढी हवेला ओळखणारी बाई मी बघितली नाही. ती कोणतंच बी एकदम पेरत नाही. धने तीन वेळा टाकते, पंधरा पंधरा दिवसांच्या अंतरानं. पहिला हप्ता अवकाळी पावसानं झोपला तर दुसरा फुलावर येतो, दुसरा धुक्यानं काळा पडला तर तिसरा असतो. धन्यांच्या मागं बडीशेप, कारण ती उशिरा फुलते आणि पुष्कळ दिवस टिकते. कडेला मोहरी, ती आधी फुलून माश्यांना रस्ता दाखवते. शेवगा वर, त्याच्या फुलावर माशी थंडीतही येते. पावसाळ्यात तीळ, दसऱ्याला कारळ, उन्हाळ्यात तुळस. वर्षातला एक महिना असा नाही की तिथं काही फुललेलं नाही, म्हणून माश्यांनी तिथलं घर सोडलंच नाही. भाड्याची माशी परक्या गावात ऊन शोधत बसते, घरची माशी तासाभराच्या उन्हात काम उरकते, हे त्या दिवशी मला कळलं.

आणि बारीकसारीक किती! पश्चिमेचा वारा अडवायला तिनं एरंडीची रांग लावली आहे. फुटक्या घागरीच्या खापरात पाणी, त्यात खडे, म्हणजे माशीला बसून पिता येतं, बुडत नाही. एकदांडीचं तण ती उपटत नाही, त्याच्या फुलावरही माशी बसते. गार पडायचं चिन्ह दिसलं की जुनी लुगडी चार काठ्यांवर ताणून बांधते, आणि ऊन पडलं की आधी लुगडी सोडते, मग स्वतःचं घर बघते. शहरातल्या बागा मी बघितल्या आहेत. त्या दिसायला छान असतात, पण तिथं गुणगुण नसते.

सोमवारी भुजंग ट्रॅक्टर घेऊन आला तेव्हा मी त्याला परत पाठवलं. डिझेल फुकट गेलं म्हणून तो बोंबलला, आणि मला वाटतं पहार त्यानं त्याच रागात पुढं दाबली असावी. गावात सांगितलं की मोजणी अर्धवट राहिली. नकाशा शालूत गेला. मच्छिंद्रला मी म्हटलं, बोललास तर तुझी माझी ओळख संपली. तो आजवर बोलला नाही. गावात एवढ्या पोटाचा माणूस दुसरा नाही.

पुढं दरवर्षी माझा प्लॉट भरला. कंपनीनं दोनदा शाल दिली, राधेश्याम सगळीकडं सांगत फिरला की सोनूबाईंचा हातगुण आहे. मी शाली घेतल्या. हात जोडून फोटोही काढला. हातगुण कोणाचा ते मला ठाऊक होतं, पण बांध ओलांडून तिला एक शब्द म्हणायला माझी जीभ उचलली नाही. आधी ती बोलेल, मग मी बोलेन, असं करता करता अकरा वर्षं गेली. याची मला लाज वाटते, आणि ती मी लेखी देते आहे.

तरी ही नऊ फुटांची पट्टी मी गोपिकाबाई राधाकिसन तारख हिला देते. कारण तिच्या पिकाला माश्या लागतात म्हणून तिनं ती फुलं लावली, आणि

मंगळवार, १० फेब्रुवारी. हवा तशीच.

परवा वरचं वाक्य अर्ध्यावर सोडून मी उठले. खोडत नाही, कशामुळं थांबले ते कळावं म्हणून राहू देते.

"तिच्या पिकाला माश्या लागतात" असं लिहिलं आणि पेन थांबलं. तिचं पीक काय? खरिपात मका, रब्बीत ज्वारी. बारा वर्षांत तिनं दुसरं काही पेरलेलं नाही. मक्याला आणि ज्वारीला माशी लागत नाही, वारा लागतो. एवढं तर शेतकऱ्याच्या शेंबड्या पोरालाही कळतं. मी रोज तिच्या ज्वारीच्या कडेनं जाते, आणि हा विचार माझ्या डोक्यात अकरा वर्षं आला नाही. रागानं माणूस आंधळा होतो म्हणतात. मी नुसती आंधळी नव्हते, ठार येडी होते.

काल सकाळी काठी घेतली आणि बांधावर गेले. ती बडीशेपेत खुरपत होती. वय शहात्तर, आणि पाठ अजून माझ्याहून सरळ. मी बांधावर बसले.  मग मीच बोलले.

"बाई, एक इचारायचं व्हतं."

तिनं खुरपं थांबवलं नाही. "इचार."

"तुमच्या रानात मका आन् ज्वारी. मंग एवढी फुलं कशापायी करून राह्यल्या?"

आता ती थांबली. माझ्याकडं बघितलं, आणि आमच्या चुली वेगळ्या व्हायच्या आधी हाक मारायची तशीच हाक मारली.

"ज्वारीला माशी लागती का, सोने?"

मग तिनं सगळं सांगितलं, ज्वारीच्या भावाबद्दल बोलावं तसं. मालक गेले त्या वर्षी मी या बांधावर बसून एक गोंडा तळहातावर चोळला होता, आणि बी निघालं नाही म्हणून रडले होते. मला वाटलं होतं कोणी बघत नाही. ती ज्वारीत उभी होती. पुढच्या हंगामात तिनं धने टाकले. तिचं माहेर जांब समर्थचं, तिथं तिच्या वडलांची मंदिराजवळ फुलबाग होती, कोणत्या फुलावर कोण येतं हे तिला लहानपणापासून ठाऊक.

मी म्हटलं, मग तेव्हाच का नाही सांगितलं. ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तू ठिवली असती का?"

नसती ठेवली. तोंडावर खोटं बोलता आलं नाही, म्हणून मी मान हलवली.

मग मी जागेचं काढलं. म्हटलं, जागा माझी आहे हे ठाऊक होतं का. सासऱ्यांनी हद्दीचा दगड पुरला तेव्हा हळदकुंकू वाहायला ती होती, मी तर त्यानंतर दोन वर्षांनी या घरात आले. दगड कुठं आहे हे तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नाही. तिनं जाणूनबुजून माझ्या हद्दीत लावलं.

"माझ्या रानात लावलं असतं तर उपकार झाला असता," ती म्हणाली. "तुझ्या रानात लावलं, म्हंजे ते तुझंच. म्हून तर म्हनले, मोज मंग. मोजल्यावर कळंल म्हनले, का समदं तुझंच हाय."

म्हणजे ते दोन शब्द भांडणाचे नव्हतेच. आणि मी मोजलं, मला कळलं, आणि मी नकाशा शालूत लपवला. तिला वाटलं, सोनूला कळूनही ती बोलायला आली नाही. तरी तिनं अकरा वर्षं धने टाकले, तीन तीन हप्त्यांत.

मला रडू आलं. एकाहत्तराव्या वर्षी बांधावर बसून मी पोरीसारखी रडले, आणि गोपिकाबाई म्हणाली, आता बस कर, माश्या बिचकतील.

शनिवार, १४ फेब्रुवारी. ऊन.

परवा मच्छिंद्रला साक्षीदार म्हणून बोलावलं आणि वरचं सगळं वाचून दाखवलं. तो माणूस कमी बोलतो, पण बोलतो ते मुद्द्याचं. म्हणाला, काकू, मृत्युपत्र तुम्ही गेल्यावर चालू होतं. थोरल्या काकू तुमच्याहून पाच वर्षांनी मोठ्या आहेत. त्या आधी गेल्या तर ही पट्टी कोणाला? आणि तुम्ही आधी गेलात, तर तुम्ही दिलंत हे त्यांना तुमच्या तेराव्याला कळणार.

 आयुष्यभर जे तोंडानं सांगायचं ते मी मेल्यावरच्या कागदावर ढकलत होते, हे त्यानं नेमकं पकडलं.

संध्याकाळी कल्याणला समोर बसवलं, नकाशा काढून दिला आणि सगळं सांगितलं. त्यानं नकाशा दोनदा बघितला. तो रागावेल असं मला वाटलं होतं. तो एवढंच म्हणाला, आई, दरवर्षीचं बी काकूंच्या जिवावर होतं आणि मी वाट काढायला निघालो होतो. मग मनीषानं मधे तोंड घातलं की गोठ्याचा पडका कोपरा काढला तर तिकडून ट्रॅक्टर येतो, हे ती दोन वर्षांपासून सांगत आहे. दोघं बॅटरी घेऊन गोठा मोजायला गेली. तो कोपरा पाडायला माझी संमती आहे.

दुसऱ्या दिवशी गोपिकाबाईकडं गेले. ती म्हणाली मला नको, तुझी जागा तुझ्यापाशी ठेव. मी म्हटलं, माझ्यापाशी ठेवली तर माझ्यामागं कल्याण नांगरणार नाही, पण कल्याणच्या मागं कोण? तुमच्याकडं गेली तर निदान कागदावर तरी ती फुलांची जागा म्हणून जाईल.  तिनं विचारलं, मग अंबडला कधी जायचं.

बुधवार, १८ फेब्रुवारी. सकाळी ढग, आता ऊन.

काल आम्ही दोघी एसटीनं अंबडला जाऊन आलो. पंचाहत्तरीच्या पुढं तिकीट लागत नाही म्हणून ती फुकट आणि मी अर्ध्या तिकिटात. कंडक्टरनं तिचं आधार कार्ड मागितलं तर ती म्हणाली, माझी लहान जाऊ सोबत हाय, तिच्याकडं बघून कळंना का मी किती म्हातारी. येताना जाताना ती रस्त्याच्या दोन्ही बाजूंची रानं बघत होती, आणि कोणाच्या मोसंबीला फूल धरलंय, कोणी चुकीच्या वेळी फवारलंय, हे मला सांगत होती. एवढं बघता येणारे डोळे शेजारी असताना मी अकरा वर्षं दुसरीकडं तोंड करून बसले होते.

कचेरीत बक्षीसपत्र नोंदवलं. लगतच्या गटाच्या मालकिणीला देतोय म्हणून जमिनीचा बारका तुकडा पाडू नये या कायद्याची अडचण आली नाही. कागदावर फुलझाडांचा उल्लेख मी मुद्दाम घालून घेतला. लिहिणारा म्हणाला, असं घालत नाहीत. मी म्हटलं, आता घालतात. गोपिकाबाईनं स्वीकारल्याची सही केली.

तेव्हा कलम ५ मधली पट्टी आता माझी राहिलेली नाही, आणि त्या कलमात द्यायला काही उरलेलं नाही. वकील म्हणाले, मग अख्खं कलम खोडा, मृत्युपत्र सुटसुटीत होईल. मी खोडत नाही. जमीन गेली तरी जे घडलं ते माझ्या मुलाबाळांना वाचायला मिळावं.

कलम ६. माझ्या दिवसाला गोडाचं जेवण घालावं, पण वांग्याची भाजी भुजंगच्या हातून करून घेऊ नये. माझ्या नावानं ओटा, पाटी, फोटो काही करू नये. मनीषानं दर साली दिवाळीनंतर गोपिकाबाईकडून धन्यांचं बी मागून घ्यावं आणि आमच्याही पश्चिमेच्या बांधावर टाकावं. विकत आणू नये, मागून घ्यावं. मागायला जाणं महत्त्वाचं आहे.

कलम ७. वरील सर्व अमलात आणण्याचं काम मच्छिंद्र करील. त्याला मी काही देत नाही, कारण तो घेणार नाही.

येथवर लिहिलेलं मी पुन्हा वाचलं आहे आणि ते मला मान्य आहे. खालील दोघांनी मला सही करताना बघितलं आहे. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्यानं साक्षीदार होऊ नये, असं वकिलांनी सांगितलं. गोपिकाबाईला यातून आता एक इंचही मिळत नाही, म्हणून दुसरी साक्षीदार म्हणून मी तिलाच बोलावलं. ती चौथी शिकलेली आहे आणि आपला मजकूर तिनं स्वतःच्या हातानं लिहिला आहे. नात्याच्या रकान्यात काय लिहावं हे तिनं मला विचारलं नाही.

ठिकाण : करंजवाडी
दिनांक : १८ फेब्रुवारी २०२६

लिहून ठेवणार :
(सही) सोनूबाई साहेबराव तारख

साक्षीदार :

१. (सही) मच्छिंद्र भानुदास खरात, राहणार करंजवाडी.
नातं : शेजारी.

२. (सही) गोपिकाबाई राधाकिसन तारख, राहणार करंजवाडी.
नातं : थोरली जाऊ. बोलणं चालू हाय.